तिसऱ्या हाताची धून

पेश्त, ३ ऑक्टोबर १८६१
पोचलो बाई एकदाचे! खोली उबदार, पलंग ऐसपैस, आणि जेवायला आलुबुखार भरलेले गोड उंडे. बोर्कानं इतके हाणले की मलाच लाज वाटली. सहा वर्षांची चिमुरडी, पण खाण्यात बापावर गेलीय, देव त्याला शांती देवो. घरमालकीण सिदोनियाबाई. त्यांचे यजमान देझो मोठे पियानोवादक होते. त्यांची शेवटची रचना त्यांच्या स्मृतिदिनाच्या मैफलीत मी वाजवायची. जमलं तर इथेच शिक्षिकेची कायमची जागा. माझे हात चालले तर आम्हा मायलेकींचं पोट चालतं, दुसरा आधार नाही.

९ ऑक्टोबर
रचना कसली, छळ आहे नुसता! दोन्ही हात पट्ट्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायचे, आणि मधली धून फक्त अंगठ्यांनी वाजवायची, आळीपाळीनं. ऐकणाऱ्याला वाटावं, तिसरा हात वाजवतोय. ही युक्ती इथे सगळ्यांनाच येते, पण आज माझे अंगठे मोडायचेच बाकी होते. बाई खुर्चीतून म्हणाल्या, अगं, मैफल आहे, लाकडं नाही फोडायची. खवचट मेली!

१६ ऑक्टोबर
कळ आली म्हणून अंगठे जरा उचलले, तर धून चालूच राहिली. भास असेल. पण काय गोड वाजत होती! खरं सांगू? मी अंगठे परत टेकवलेच नाहीत. आयतं कोणाला नको असतं? बाई पहिल्यांदाच हसल्या.

२० ऑक्टोबर
अंगठे बधिर झालेत. सुई टोचून पाहिली, रक्त आलं, कळलं काहीच नाही. बोर्काची वेणी घालता येईना. ती म्हणाली, आई, थंडगार हात लावू नकोस ना गं.

२३ ऑक्टोबर
शेजारची बोटंही गेली. जे बोट मी उचलते ते तो तिसरा हात ठेवून घेतो. बाईंना रडत विचारलं. त्यांनी दातांनी ओढून हातमोजे काढले. आतले हात मेणासारखे पांढरे. म्हणाल्या, माझे तर त्यांनी लग्नाच्या वर्षीच घेतले. रचना पुरी व्हायला नको का, पोरी? नवऱ्याला नाही कसं म्हणायचं?

२४ ऑक्टोबर
निघायचं. आजच. मला गाठोडं बांधता येत नाही, बोर्काच बांधतेय — गाडी आली होती. बाईंनी परत पाठवली.

२५ ऑक्टोबर
उजवा हात गेला. डाव्याच्या दोन बोटांत पेन्सिल धरलीय. बाई म्हणतात, रचना थोडीच उरलीय. नाही वाजवणार. जीव गेला तरी नाही.

दुपार
खाली पियानो वाजतोय. मी इथे. मग कोण — बोर्का खोलीत नाही.

बाईंचा आवाज, किती लाडाचा — दमलीस ना, राणी? मग उचल की बोटं, तो वाजवेल.

दाराला कडी नाही. नुसतं ओढून घेतलंय. दाराची मूठ फिरत नाही — ही बोटं — दातांनी फिरवून पाहिलं — बोर्का, हात उचलू नकोस! ऐकूच जात नाही तिला. देवा, माझे घे उरलेले, तिचे —

ती ओरडतेय, आई, बघ ना, हात न लावता —