काटा उभाच होता

शनि. २४ मे ८६, चंद्रपूर

साहेबांनी बोलावून एक डबी हातात दिली. आत ऑईल प्रेशरचा सेन्सर, सोबत विजेवर चालणारं मीटर. "भामरागडच्या लाँचला बसवून या. मागच्या वर्षीसारखं परत नको." जणू दिवा बदलून यायचा आहे. इंजिन जवळपास माझ्या वयाचं, मुंबईच्या कुठल्याशा धक्क्यावरून निकामी म्हणून काढलेलं, आमच्या नशिबी आलेलं. रस्ता बंद व्हायच्या आत चालू झालं पाहिजे. नंतर पलीकडच्या गावांना रेशन, सिस्टर, पेशंट, सगळं त्या एका लाँचवर.

मागच्या वर्षी काय झालं ते साहेब बोलले नाहीत. मीही नाही.

सोम. २६ मे, भा.गड

आलापल्लीला दुसरी गाडी मिळायला तीन तास. त्यातही उभा. स्टँडवर लालसू घ्यायला आला होता. लाँचचा ड्रायव्हर होता, मागच्या वर्षीच्या चौकशीनंतर खलाशी केला. नवा ड्रायव्हर अजून मिळालेला नाही. माझी हत्यारांची पेटी न विचारता डोक्यावर घेतली. मला ते आवडलं नाही, पण नको म्हणालो नाही, पेटी जड आहे.

मंगळ. २७ मे

आटे जुळत नाहीत. इंजिनाचे एका जातीचे, सेन्सरचे दुसऱ्या. दोन फेरे जातो आणि अडतो. तीनदा करून पाहिलं.

लालसू : "जोर नोका लावू भाऊ, इंजिनाचे आटे जाईन."

मला माहीत आहे. मला माहीत असलेलंच सांगायला लोक मिळतात, आटे जुळवून द्यायला कोणी नाही. मधे एक तुकडा लेथवर करून बसवावा लागणार. म्हणजे परत चंद्रपूर. मापं चिठ्ठीवर घेतली.

शुक्र. ३० मे, चंद्रपूर

चिठ्ठी शर्टासोबत धुतली गेली. ही म्हणते, "खिशे पाहून टाकत जा, किती खेपा सांगतलं." लेथवाल्याला सेन्सर दाखवून तुकडा करायला सांगितला, तर पठ्ठ्यानं दोन्ही टोकांना सेन्सरचेच आटे पाडले. "तुमी एकच नमुना देल्ला नं." खरंच आहे. दुसरा नमुना भा.गडला इंजिनात बसलेला.

शेवटी वर्कशॉपच्या भंगारात त्याच इंजिनाचं नळ्या जोडायचं एक जुनं युनियन सापडलं. त्यावरून दुसरा तुकडा केला. दिवस गेला.

मंगळ. ३ जून, भा.गड

तुकडा बसला. ताग गुंडाळला, सफेदा लावला, नेहमीसारखा सढळ हातानं. माझा जोड गळत नाही, हे सगळं वर्कशॉप जाणतं.

इंजिन चालू केलं. मीटर मेलेलं. वायरी पाहिल्या, बॅटरी पाहिली, मीटर उघडून परत बंद केलं. काटा ढिम्म. लालसूनं दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा मी त्याच्यावर खेकसलो. त्याचा काय दोष?

बुध. ४ जून

सापडलं. सेन्सरला विजेची परतीची वायरच नसते, त्याचं अंग इंजिनाला टेकलं की काम भागतं. मी मधे ताग-सफेद्याची गादी घालून ठेवली. खरवडून काढलं, काटा हलला. स्वतःला दोन शिव्या दिल्या.

पण काटा दाखवतो ते बरोबर की नाही? ताळा करायला लाँचचं आधीचं जुनं मीटर लावायचं ठरवलं. त्याला वीज लागत नाही, तेलच तांब्याच्या नळीतून वर चढतं. लालसूनं नळी शोधून आणली. मी फुंकली. वारा गेला. दुसऱ्या तोंडानं फुंकली. गेला नाही. परत केलं. तेच. तार घालून खेचली तर तागाचा बोळा बाहेर आला, सफेद्यानं थिजलेला.

इंजिनाचं काम मागच्या वर्षी चैत्रात मीच केलं होतं. तो जोड माझा. त्यानंतर त्या नळीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही.

आज आणखी लिहवत नाही.

गुरु. ५ जून

लिहून टाकतो. मागच्या श्रावणात भरल्या नदीत इंजिनाला तेल पुरवणारी नळी फुटली, सगळं तेल गेलं, इंजिन जाम झालं. लाँचमध्ये सिस्टर आणि अडलेली बाई, लालसूच्याच गावची. लाँच वाहत जाऊन खडकाला अडकली. बाई वाचली. पोर गेलं.

चौकशीत लालसू एकच बोलत राहिला, "काटा उभाच होता." मला हसू आलं होतं. तेल नाही आणि काटा उभा? अहवाल मी लिहिला : चालकाने मीटरकडे दुर्लक्ष केले.

बोळ्यातून तेल वर चढत होतं, परत उतरत नव्हतं. काटा उभाच राहणार. तो पडला असता तर लालसूनं वेळेत काठ गाठला असता. तो बघत होता. मी बोळा कोंबून ठेवला होता. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

शुक्र. ६ जून

लालसूला सांगितलं. नळी दाखवली, बोळा दाखवला. त्यानं बोळा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"मी तं तवाच सांगतलं होतं."

म्हटलं, साहेब उद्या येताहेत, त्यांना सांगतो, तुझी ड्रायव्हरची जागा परत मिळेल.

"साहेबाले सांगा. पण आमच्या गावात सांगा. त्या बाईचा नवरा माह्यासंगं बोलत नाई. माह्या घरी कोणी येत नाई. मी सांगतलं तं कोणी आयकत नाई."

कागद लिहून देतो म्हटलं. कागद चालत नाही. गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, सगळे बसतात, ज्याच्या हातून झालं त्यानं सगळ्यांसमोर आपल्या तोंडानं सांगायचं, अशी त्यांची रीत. रविवारी लोक बसवतो म्हणाला. मी हो म्हणालो. लगेच हो म्हणालो, हे इथं लिहून ठेवतो.

शनि. ७ जून

साहेब आले. डोहात लाँच फिरवून दाखवली. नवं मीटर, जुनं मीटर, दोन्ही काटे बरोबर. साहेब खूश. मग मी बोळ्याचं सांगितलं.

"मेश्राम, ती फाईल बंद झाली. बढतीच्या यादीत तुमचं नाव आहे. जुनं कशाला उकरता?"

"पण साहेब, लालसूचा..."

"त्याला कामावरून काढलं का? नाही ना? मग झालं."

साहेबांनी अहवाल तोंडी सांगितला, मी लिहून घेतला. मागील बिघाड चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला, सेन्सरमुळे यापुढे असा निष्काळजीपणा तात्काळ लक्षात येईल. अक्षर नेहमीसारखंच आलं. खाली सही केली. चारला जीप गेली, कागद जीपमध्ये गेला.

लालसू तेव्हा लाँच बांधत होता.

रवि. ८ जून, सकाळ

लालसू सहालाच येऊन बसला आहे. पांढरा सदरा घातला आहे, तो मी त्याच्या अंगावर कधी पाहिला नाही. नदीत अजून गुडघाभरच पाणी, पायी उतरून जायचं. सांगत होता, बाईचा नवरा यायला तयार झाला. बाईसुद्धा येणार आहे.

मग विचारलं, "साहेबाले सांगतलं नं?"

सांगितलं म्हणालो. खोटं नाही ते.

सहीचं वाटेत सांगावं की तिथं सगळ्यांसमोर? की सांगूच नये? गोटुलात बोळ्याचं कबूल करून आलो तरी कचेरीत माझ्या सहीचा कागद उलटंच सांगणार. तबियत ठीक नाही म्हणून...

"चला नं भाऊ, लोकं बसले असन."

चपला घालतो म्हणालो. चपला पायातच आहेत.