दुखतंय म्हणजे जीव येतोय

सौ. रुपालीस,

शुक्रवारी फोनवर तू पहिलं हेच विचारतेस, "पाय दुखले का?" मी हो म्हटलं की तुझा आवाज फुलतो. दुखतंय म्हणजे जीव येतोय, म्हणून तू ग्रामदेवीला नारळ देतेस. इथं आखातात बांधकामाच्या साइटवर पडून पाय लुळे झाले, तेव्हापासून मीही तेच धरून होतो.

काल गरम सुलेमानी, म्हणजे इथला बिनदुधाचा चहा, पावलावर सांडला. फोड आले, पण मला पत्ताच नाही. आणि एरवी तेच पाऊल निखाऱ्यावर ठेवल्यासारखं पेटतं. इथल्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे कसं? त्या म्हणाल्या, "भिवाभाई, दर्द सच्चा है, लेकिन पैर का नहीं." पाठीच्या कण्यातल्या नसा तुटल्यात. पायाची खबर डोक्यापर्यंत पोचतच नाही, आणि त्या जखमी नसा आपल्याच मनानं खोटी खबर वर पाठवत राहतात. डोक्याला वाटतं, पाय जळतोय.

"मतलब पैर वापस नहीं आ रहा?" मी विचारलं. त्यांनी नुसता माझा हात धरला.

मंदीत कंपनी बंद पडली. आता मला घरी पाठवतायत. आणि तू शिमग्याला पालखी नाचवणाऱ्यांत माझं नाव देऊन बसलीयस गं.

हे पत्र उशीखालीच राहील. शुक्रवारी तू विचारशील, तेव्हा मी म्हणेन, हो, खूप दुखतंय.

तेवढं तरी खरं आहे.

तुझाच,
भिवा