‘कोरडवाहू’ला दिलेले नऊ गुण

मृत्युपत्र

लिहून ठेवणार : शेख हसनैन शेख दाऊद, वय ४८ वर्षे, धंदा पूर्वी व्हिडिओ गेम पार्लर आणि वर्तमानपत्रात लेखन, सध्या काही नाही, राहणार अकोला.

मी खाली अंगठा उमटवणारा सांगतो की माझे डोके पूर्ण जागेवर आहे, हात मात्र जागेवर नाहीत. म्हणून हा मजकूर मी बोललो आणि अ‍ॅड. आकांक्षा गावंडे यांनी माझ्यासमोर बसून लिहिला. कोणी धाक घातला नाही, कोणी लालूच दाखवली नाही. वकीलबाईंनी बजावले होते की मृत्युपत्रात कामापुरते बोलावे. पण ज्याची जीभ रोज थोडी जड होते आहे, त्याला कामाचे कोणते आणि बिनकामाचे कोणते हे स्वतः ठरवू द्यावे, अशी विनंती मी केली. ती त्यांनी मान्य केली.

१. माझे वडील मरहूम शेख दाऊद घड्याळे दुरुस्त करत. त्यांनी मला मराठी शाळेत घातले. ‘ज्या जबानीत सातबारा लिहितात, ती पोराला आली पाहिजे,’ असे ते म्हणत. सातबारा आमच्या नशिबी आला नाही, जबान आली. जुन्या बसस्थानकाजवळ मी गेमचे पार्लर काढले आणि पुढे अमरावतीच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ‘दहापैकी’ नावाचे सदर लिहू लागलो. दर आठवड्याला एक खेळ, त्याचे गुणदोष आणि शेवटी दहापैकी गुण.

क्रिकेटच्या एका खेळाला मी पाच दिले, कारण त्यातल्या सगळ्या प्रेक्षकांना एकच चेहरा होता आणि तो आपल्यातल्या कोणाचाच नव्हता. मोटारींच्या शर्यतीला आठ दिले, कारण गाडी घसरली की खरोखर पोटात खड्डा पडायचा. भुताच्या खेळाला चार; भूत दिसले आणि हसू आले. परदेशातल्या शेतीच्या एका खेळात पेरले की उगवायचे आणि बाजारात नेले की भाव मिळायचा. त्याला सात दिले आणि लिहिले, ‘चित्रे सुंदर, कथा काल्पनिक.’ हे वाक्य मोर्शीपासून मूर्तिजापूरपर्यंत लोक एकमेकांना ऐकवत होते. माझ्या लेखणीला मिळालेली ती सर्वात मोठी पावती.

माझी मते कोणाच्या नावे करता येतील का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, ‘मतं स्थावरही नाहीत, जंगमही नाहीत.’ तेव्हा ती माझ्याबरोबर जातील.

२. राहते घर, दोन खोल्या आणि पुढची ओसरी, माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ते माझी पत्नी आरजू आणि एकुलती मुलगी तुबा या दोघींकडेच राहावे, अशी माझी इच्छा आहे.

इच्छा हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण त्यापलीकडे माझे काही चालत नाही. आमच्या कायद्याप्रमाणे वारसाला मृत्युपत्राने जास्तीचे काही द्यायचे, तर बाकीच्या वारसांची संमती लागते. मला मुलगा नाही. म्हणून पत्नीला आठवा हिस्सा, मुलीला अर्धा आणि उरलेले तीन अष्टमांश माझा धाकटा भाऊ गुलफाम याला जातात. मी म्हटले, मग जिवंतपणीच बक्षीसपत्र करून टाकतो. वकीलबाई म्हणाल्या, ‘मरणाच्या आजारात दिलेल्या बक्षिसालाही मृत्युपत्राचेच नियम लागतात.’ मी म्हटले, मग गुलफामची संमती आजच लिहून घ्या. त्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, ‘ती तुमच्यानंतर दिली तरच धरतात, हसनैनभाई.’

म्हणजे माझ्या बायकोच्या डोक्यावर छप्पर राहिले की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

गुलफामचे अंजनगाव सुर्जीला टायरचे दुकान आहे. पार्लर उघडले तेव्हा तो म्हणाला होता, ‘भाई, ये टिकटिक से घर चलता क्या?’ ते मी मनात ठेवले, नाही म्हणत नाही. गेल्या महिन्यात तो भेटायला आला. माझे पाय चेपत बसला, रडला, चहा न घेता गेला. घराचे मी विचारले नाही आणि तो बोलला नाही. गुलफाम, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा दोघी समोर बसलेल्या असतील. त्यांच्याकडे बघून ठरव. गेमची यंत्रे आणि तबकड्या तुबाला मिळाव्यात. त्यांचे तीन अष्टमांश घेऊन तू करणार तरी काय?

३. आता गजेंद्रविषयी. गजेंद्र पुंजाराम इंगोले, मूळ राहणार तालुका नांदगाव खंडेश्वर, हा पार्लरमध्ये माझा भागीदार होता. मी खेळ खेळायचो, तो त्यांचा आतला प्रोग्राम उघडून बघायचा. संगणकाचे शिक्षण घेतलेला, घरी काळी जमीन, घरात मात्र कायम उन्हाळा. कपाशी सलग तीन हंगाम हातची गेली त्या काळात त्याने स्वतः एक खेळ तयार केला. नाव ‘कोरडवाहू’.

त्यात एक शेत होते, गजेंद्रच्या घरचेच. शेताच्या कडेचा धुरा, विहीर, बैलांचा गोठा, सगळे मोजून काढलेले. खेळणाऱ्याने पेरायचे, निंदायचे, फवारायचे, बाजारात जायचे. कितीही नीट खेळा, जिंकता येत नसे. कधी पाऊस दडी मारी, कधी पाऊस चांगला पडे आणि भाव पडे. पार्लरमधली पोरे वैतागली. मी गजेंद्रला म्हटले, ‘अबे, एखाद वेळ तरी जितू दे की त्यायले.’

तो म्हणाला, ‘मी कसा जितू देऊ? बाबा एक वेळ जितले असते, त म्या टाकलं असतं.’

एका कंपनीने तो खेळ बाजारात आणायची तयारी दाखवली. अट एवढीच, की आधी देशोदेशीच्या समीक्षकांकडे पाठवायचा आणि सरासरी सातच्या वर गेली तर करार करायचा. गुण येऊ लागले. एकाने चार दिले : ‘चित्रण प्रामाणिक, पण खेळात प्रगतीच नाही.’ एकाने साडेतीन : ‘पाऊस कधी पडणार याचा नियम कळत नाही. ही रचनेतली चूक आहे.’ एका मोठ्या समीक्षकाने तीन दिले आणि लिहिले, ‘हा खेळ खेळाडूच्या मेहनतीची कदर करत नाही.’

गजेंद्रने हे वाक्य मला पार्लरमध्ये मोठ्याने वाचून दाखवले. मग खुर्चीत बसून राहिला. म्हणाला, ‘हसनैन, यायनं चूक म्हणून जे जे लिहिलं, तेच त मी बनोलं होतं.’

मी नऊ दिले. पुरवणीचे पाऊण पान लिहिले. मैत्रीखातर दिले असे त्यानंतर पुष्कळांनी म्हटले, म्हणून इथे, जिथे खोटे बोलून काही मिळायचे नाही, तिथे सांगतो : ते नऊ त्या खेळाचेच होते. एक गुण कापला तो बाजाराच्या देखाव्यात आवाज कमी होता म्हणून. छापलेले पान कंपनीला पाठवले. कंपनीचे उत्तर आले की त्यांच्या यादीत मराठी वर्तमानपत्र नाही, सबब हे गुण सरासरीत धरता येत नाहीत. जगात त्या खेळाला एकच चांगला अभिप्राय मिळाला आणि तो मोजायच्या भाषेत नव्हता.

त्यानंतर कंपनीने स्वतःच तोड सुचवली. एक बटण बसवा. नाणी खर्चून पाऊस विकत घेता येईल असे करा. गजेंद्रने महिनाभर टाळले. त्या महिन्यात त्याचे वडील पुंजारामजी अंथरुणाला खिळले. पुढे शेत विकले गेले आणि मग पुंजारामजीही गेले. गजेंद्रने बटण बसवले.

नवा खेळ आला. नाव बदलले, शेत बदलले, शेताच्या कडेला पवनचक्की आली. त्याच समीक्षकांनी साडेसात, आठ दिले. ‘आता मेहनतीला फळ आहे,’ असे एकाने लिहिले. मी दोन दिले.

रविवारी पुरवणी आली आणि दुपारी त्याचा फोन आला.

‘तू मले दोन देल्ले?’

‘तुले नाही. त्या पावसाच्या बटनाले.’

‘बटन मीच बसोलं ना!’ आणि जरा थांबून, ‘आईले काय खाऊ घालू रे, तुहे नऊ मार्क?’

नऊ खरे होते, दोनही खरे होते आणि त्याचे म्हणणेही खरे होते. तो पुण्याला कंपनीत नोकरीला लागला. पुन्हा आमचे बोलणे झाले नाही.

४. आजार असा कळला. उड्या मारत पुढे जायचा एक खेळ होता. मी लिहिले, ‘बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते,’ आणि पाच दिले. वाचकांची पत्रे आली की उडी अगदी वेळेवर बसते. मी रिमोट बदलला, वायर बदलली. शेवटी तुबाला बसवले. ती सहज पार करत गेली. मी तिच्या बोटांकडे पाहिले, मग माझ्या. तिने खेळ थांबवला आणि विचारले, ‘अब्बू, पानी लाऊं?’ पाणी आले ते मला धरता आले नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की नसा सुकत जातात, हातांपासून सुरुवात, पुढे जीभ, पुढे श्वास. औषध नाही. पुढच्या रविवारी मी त्या खेळाचे गुण आठ केले आणि सदर बंद केले. आता तुबा कॉलेजातून आली की खेळते, मी बघतो आणि बोलतो. आरजू आतून ओरडते, ‘अजी, इत्ता मत बोलो, थक जाते तुम.’ तिचे बरोबर आहे. पण तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात मी किती दिवस बोलेन, हेही तिला माहीत आहे.

श्वासाचे यंत्र मला लावू नये, असे याच कागदात लिहा म्हटले. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडते, तेव्हा त्याचा उपयोग नाही. तरी लिहून ठेवले आहे.

५. ‘कोरडवाहू’चा पहिला, बिनबटणाचा खेळ आता फक्त माझ्या जुन्या संगणकात आहे. गजेंद्रने स्वतःकडचा पुसून टाकला, हे त्याच्या सोबतच्या एकाकडून कळले. हा संगणक मी गजेंद्रच्या नावे करणार होतो. वकीलबाईंनी त्याला माझ्यादेखत फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले, माझ्या तब्येतीचे विचारले, खूप वेळ विचारले. मग म्हणाला, ‘मॅडम, ते मले नका देऊ. तुमीच डिलीट मारा.’ फोन माझ्या कानाशी धरायचा होता, तोवर त्याने ठेवला.

दिलेले घ्यायलाच हवे अशी कोणावर सक्ती करता येत नाही, असे कायदा सांगतो. तुबाला द्यावा तर ती वारस, पुन्हा संमतीचा प्रश्न. सबब हा संगणक, त्यातील खेळासह, मी गजेंद्रच्या मातोश्री श्रीमती दुर्गाबाई पुंजाराम इंगोले यांना देतो. याची किंमत माझ्या मालमत्तेच्या एक तृतीयांशाच्या कितीतरी आत आहे, त्यामुळे यात कोणाच्या संमतीची गरज नाही. या सगळ्या कागदात माझ्या एकट्याच्या मर्जीने होणारी ही एवढीच गोष्ट आहे.

६. दुर्गाबाईंना विचारल्याशिवाय त्यांच्या गळ्यात यंत्र बांधू नये म्हणून निरोप पाठवला. त्या परवा एकट्या एसटीने आल्या. नांदगाव सोडून त्या आता अमरावतीला भाड्याच्या खोलीत राहतात. मला पाहून म्हणाल्या, ‘काहून रे असा झाला?’ आणि माझा हात मांडीवर घेऊन बसल्या. लेकाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

तुबाने संगणक लावला. पडद्यावर शेत आले. दुर्गाबाई आधी नुसत्या पाहत राहिल्या. मग उठून अगदी जवळ गेल्या.

‘हा निंब अजून हाये?’

तुबा म्हणाली, ‘हो, आजी. याच्यात आहे.’

‘तिकडं तोडला त्यायनं. अन् हे पाह्य, विहिरीवरचा दगड. मी धुणं आपटत होती याच्यावर.’ त्यांनी काचेवरून बोट फिरवले. तुबाने विचारले, खेळून दाखवू का? त्या हो म्हणाल्या. तुबाने पेरले. दुर्गाबाई सांगत गेल्या, आता निंद, आता थांब, इकडून पाणी फुटते तिकडे बांध घाल. तुबा सांगितले तसे करत गेली. शेवटी पाऊस गेला. कपाशी उभी सुकली.

वर्ष संपले की हा खेळ गुण दाखवत नाही, एक प्रश्न विचारतो. पडद्यावर अक्षरे आली : ‘पुढच्या वर्षी पेरायचं? हो / नाही.’ तुबाने ती वाचून दाखवली आणि त्यांच्याकडे पाहिले.

दुर्गाबाई म्हणाल्या, ‘हो म्हण, बाई. नाई म्हणून जायाचं कुठी?’

७. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही आणि यापुढे करण्याची ताकद नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी बोललो तसाच आहे. जिथे माझी जीभ अडखळली तिथे वकीलबाईंनी वाट पाहिली, अंदाजाने शब्द भरला नाही.

ठिकाण : अकोला
तारीख : १४ फेब्रुवारी २०१६

लिहून ठेवणार : शेख हसनैन शेख दाऊद यांच्या डाव्या हाताचा अंगठा
(हातात बळ नसल्याने, त्यांच्या सांगण्यावरून, पत्नी आरजू यांनी हात धरून अंगठा उमटवला. पहिला ठसा पुसट आल्याने शेजारी दुसरा घेतला आहे.)

साक्षीदार :
१. जानराव महादेव भटकर, शेजारी, अकोला – सही
२. सत्यवती नत्थुजी डाबेराव, परिचारिका, अकोला – सही

माझ्यासमोर सांगितले व माझ्या हस्ताक्षरात लिहिले :
अ‍ॅड. आकांक्षा गावंडे – सही