सहा वर्षांनी भरलेली काडतुसं

व्हर्डीन,

तू चर्चमधून येशील तेव्हा मी तुझ्या भावाबरोबर खाणीमागच्या नेमबाजीच्या मैदानावर असेन. सहा वर्षांनी तळघरातलं काडतुसं भरायचं यंत्र पुसून काढलं! मोतीबिंदू काढल्यापासून तराजूचा काटा असा लख्ख दिसतो, की तुझ्या ॲपल-पायमध्ये किती साखर कमी पडली तेही सांगेन.

ऑर्व्हिल गालावरचा व्रण चोळत म्हणाला, "दाजी, या वेळी मी ट्रकच्या मागे उभा राहतो हं." राहू दे बापड्याला. त्या वेळी गप्पांच्या नादात मी काडतुसाच्या एकाच पुंगळीत दोनदा बंदुकीची दारू ओतली आणि रायफल फुटली ती त्याच्या हातात. आज पहिला बार मीच उडवणार. प्रत्येक पुंगळीत विजेरी लावून डोकावलो, मगच वर गोळी बसवली.

वीस भरायला घेतली होती, नेतोय एकोणीस. विसावीत दारू ओतताना तू जिन्यावरून "कॉफी हवी का?" विचारलंस आणि मी "हो" म्हणालो. ती पुंगळी लगेच रिकामी केली. तुझी चूक नाही. पण यापुढे मी तळघरात असलो, की हाक मारू नकोस. कॉफी खुशाल थंड होऊ दे.

हार्लन