'लुक आफ्टर'चा अर्थ

अकोला, रविवार, ११ जानेवारी १९५९

धामणगावची मंडळी मला पाहून गेली. मुलाच्या कपात चहा अर्धा तसाच.

त्याच्या मामांनी विचारलं, "पोरीले इंग्रजी येते काय?" बाबा इंग्रजीचे मास्तर. खुशीत म्हणाले, "काहीही विचारा." मामांनी 'लुक आफ्टर'चा अर्थ विचारला. मी तोंड उघडायच्या आत मुलगाच हसून म्हणाला, "मागं पाहणं. सोपं आहे." मामांनी मान डोलावली. मी म्हटलं, "नाही, सांभाळ करणं." त्याने कप खाली ठेवला तो तेव्हाच. मग 'कळवतो' म्हणून सगळे उठले.

आई म्हणाली, "तुले चूप राहता नाही आलं काय?" आईचं एक वेळ ठीक. पण बाबा? याच शब्दाचा अर्थ चुकला म्हणून त्यांनी मला एकदा भरल्या ताटावरून उठवलं होतं. पाटी भरून लिहायला लावला होता. आज खाली मान घालून म्हणाले, "मागं पाहणं म्हटलं असतं, तर काय बिघडत होतं बाई?"

तो कप अजून बैठकीतच आहे. चहावर साय धरली असेल.

मार्चमध्ये मॅट्रिक. उद्या सकाळी बाबा नेहमीसारखे अर्थ विचारायला बसले, तर कोणता सांगू?