कोणाशी जिंकलात?

बाबा, तुमचा संघ कधी हरला नाही. कॉलेजच्या जिमखान्यात तुम्ही पाटीच लावली होती, 'अपराजित'. मला त्या पाटीची अजून किळस येते. क्रीडाशिक्षक तुम्ही, सामने ठरवणारे तुम्ही, आणि आम्हा मुलींच्या कबड्डीला समोर कोण आणायचात, तर ड्यूटी संपवून थेट मैदानात आलेल्या नर्सिंगच्या मुली. त्यातली एक तर बाकावर बसल्याबसल्या झोपली होती. त्यांना हरवलं म्हणून तुम्ही पेढे वाटलेत. तगड्या कॉलेजांची सामन्यासाठी पत्रं आली की ती तुमच्या खणात जायची. मग मी विद्यापीठाच्या निवडीला गेले. मी ताठ मानेनं सांगतेय, सगळे सामने जिंकलो. निवड समितीतल्या बाई विचारतात, "कोणाशी?" मी नावं सांगते. त्या हसतसुद्धा नाहीत, सरळ पुढच्या मुलीला बोलावतात. घरी आल्यावर तुम्ही मलाच झापलंत, उत्तर देताना चाचरलीस म्हणून. वा रे वा.

तुमचा नातू इथे तोक्योत कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळतो. हेल्मेट घालून एकमेकांना धडका द्यायचा खेळ. गेल्या वर्षी ते खालच्या गटात सगळे सामने जिंकले, म्हणून यंदा वरच्या गटात चढले, आणि सातपैकी सहा हरले. ओजिमातल्या आमच्या इमारतीत पुण्याचे एक काका आहेत. परवा लिफ्टमध्ये म्हणाले, गेल्या वर्षी पोरं बरी खेळत होती, यंदा काय झालं? काय डोंबल झालं! खेळले ते यंदाच. गेल्या वर्षी समोरच्या एका संघाकडे बदली खेळाडूसुद्धा नव्हते. पण काकांना सांगून काय उपयोग, आकडा दिसला की त्यांचं डोकं थांबतं. तुमचंही थांबायचं.

इथे नोकरीच्या अर्जात कॉलेजात काय केलं ते लिहावं लागतं. मला वाटलं, हा गेल्या वर्षीचंच मिरवणार, शेवटी रक्त तुमचं. तर पठ्ठ्यानं यंदाचं लिहिलं होतं, सहा पराभवांसकट. हरलेलं कशाला लिहितोस, मी विचारलं. तो जपानीत म्हणाला, "आई, जिंकलो ते सोपे होते." माझा ऊर भरून आला. म्हटलं, बघा बाबा, असं असतं.

मग खालची ओळ वाचली. खेळाकडे वळलो ते आजोबांमुळे, त्यांचा संघ कधीच हरला नाही. हे त्याला तुम्ही सांगितलेलं नाही, तो पाळण्यात असतानाच तुम्ही गेलात. मी सांगितलंय. शाळेत खेळ सोडतो म्हणून रडत होता तेव्हा पहिल्यांदा, आणि मग कितीतरी वेळा, दरवेळी थोडं वाढवून.

अर्ज उद्या जायचाय. सगळं बरोबर आहे ना, त्यानं विचारलं, आणि मी हो म्हटलं. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे पत्र टेबलावर असंच उघडं पडलंय.