पाठ लागली तरी

कडा, १२ मे १९८७

चि. सुग्रीव यास,
अक्काचा आशीर्वाद. इकडं सगळं ठीक हाय. तूही फौजेत खुशाल असशील असं धरून चालते. दोन वर्षांत एक कार्ड न्हाई तुझं, मग धरूनच चालावं लागतं.

पाण्याचं तर बोलायलाच नको. दूध सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी लावलीय, आपल्या म्हशी तिथंच. बाप्ये दिवसभर तिथं बसून. कामधंदा न्हाई, मग वाद. आन् कशाचा म्हणशील? बॉक्सिंगचा! बंकट शिंप्यानं पेपरातला टायसनचा फोटो आणला, तवापासून एकच चालू: ऐन भरातला अली आन् आत्ताचा टायसन, जोड लागली तर कोण?

आपले आबा अलीचे, शेजारचा सिदू टायसनचा. आबा जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच, तेव्हा निकालही कुस्तीचाच. सिदू म्हणला, "टायसननं दणका दिला, अली उताणा, पाठ लागली. खलास!"

तेवढ्यात बंकट म्हणला, "बॉक्सिंगात पाठ लागली म्हणून हरत न्हाईत, आबा. दहा आकडे मोजतेत. तेवढ्यात उठला की पुन्हा चालू."

"पडलेल्याला येळ देतेत? कावून?" आबांनी विचारलं.

कुणालाच सांगता येईना. मलाही लई नवल वाटलं, म्हणून तुला विचारते. कावून देतेत रे? मोठ्यानं मोजतात का? पडलेल्याला ते ऐकू येतं का?

दोन वर्षांमागं तू फौजेतल्या बॉक्सिंगात उतरलास, सुट्टीवर येऊन "पैल्या फेरीत पडलो" म्हणलास, आन् पुढचं ऐकायच्या आधीच आबा ओरडले, "पाठ लावून घेतलेला माझ्या दारात नको!" तू उभ्याउभ्या निघून गेलास. मला दोघांचाही राग आला होता. अजून हाय.

पण बंकटनं सांगितल्यापासून आबांना निराळाच नाद लागला. "मी पंचविशीतला आन् सुग्र्या पंचविशीतला, जोड लागली तर?"

मी म्हणलं, "कुस्ती का बॉक्सिंग?"

"बॉक्सिंग. त्यात पडलं तरी उठता येतंय."

मग एक दिवस टँकरच्या रांगेत पाय घसरून उताणे पडले. बाया धावल्या, तर हे खेकसले, "हात लावू नका! मोजा!" बाया हसत हसत मोजायला लागल्या. आठाला उठले. छाती काढून घरी आले, जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मागच्या सोमवारी परत पडले, घरातच. मला वाटलं खेळच हाय. मी चुलीपुढूनच हसत मोजलं. सात, आठ, नऊ. उठले न्हाईत.

वर सगळं ठीक लिहिलं ते खोटं हाय. उजवी बाजू गेलीय. बीडला नेलतं, डॉक्टर म्हणले, घरी न्या. जीभ जड झालीय, पण डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडतेत आन् माझ्याकडं बघतेत. मला कळतं काय विचारतेत ते. मी म्हणते, आबा, नऊच झालेत.

काल लई कष्टानं एक वाक्य बोलले. "त्यो कितव्याला उठला, इचार."

पत्रात लिहू नकोस. येऊन त्यांच्या कानात सांग. तोवर मी दहा म्हणत न्हाई.

नवावर अडकलेली,
तुझी अक्का